माळ्यावरच्या कॅसेट्स उतरवून घेताना

ज्यांच्या घरची लग्नं, मुंजी आणि बारशी १९८५ ते २००५ या काळात झाली, त्यांच्याकडे काळ्या रंगाची निदान एक तरी व्हिडिओ कॅसेट असतेच. माळ्यावर, दिवाणाच्या पोटात, गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या मागे. त्याबद्दल वाचकांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच येतात. कॅसेट दिसायला चांगली आहे, मग घाई कशाला? दुकानदार डीव्हीडी करून देतो म्हणतो, चालेल का? मुलगा म्हणतो घरीच करू, जमेल का? ज्याने शूटिंग केलं त्याची परवानगी लागते का? आणि झाल्यावर हे सगळं नातेवाइकांना पाठवायचं कसं?

या लेखात तांत्रिक माहिती निर्णयापुरतीच दिली आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते. या कामात कॅसेट खराब होण्याची भीती सगळ्यांना असते, पण त्याआधी दोन गोष्टी हातून जातात: कॅसेट चालवणारं यंत्र, आणि पडद्यावरची माणसं ओळखणारी घरातली माणसं. कामाचा क्रम या दोन गोष्टी धरून ठरवा.

घाई कशासाठी

कॅसेटमधली पट्टी पॉलिएस्टरची असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर असतो आणि ते कण धरून ठेवणारं एक चिकट द्रव्य असतं. दमट हवेत हे द्रव्य हळूहळू कमकुवत होतं. पट्टी चिकटते, कण सुटू लागतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीही धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेला पांढरट भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं, ती बुरशी.

पण नीट ठेवलेली कॅसेट तीस-पस्तीस वर्षांनंतरही चालते, असं अनेकांच्या अनुभवाला येतं. खरी अडचण यंत्राची आहे. जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही कॅसेटची पद्धत १९७६ मध्ये बाजारात आणली. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा नवं यंत्र बनवणारं कुणीच मोठं उरलं नाही. आज चालतात ते सगळे व्हीसीआर जुने आहेत. त्यांचे रबरी पट्टे सैल पडतात, हेड झिजतात, सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारे कारागीर निवृत्त होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय टेपवरचं जे २०२५ पर्यंत उतरवलं जाणार नाही, त्यातलं पुष्कळसं कायमचं जाईल. ती मुदत उलटली आहे. याचा अर्थ तुमची कॅसेट मेली असा नाही, पण पुढच्या दिवाळीवर ढकलण्याची सवड आता राहिलेली नाही.

आधी ओळखा: तुमच्याकडे नेमकं काय आहे

सगळ्या कॅसेट्स एका टेबलावर मांडा आणि गट करा. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो आणि चुकीच्या उत्तरामुळे पैसे वाया जातात.

- व्हीएचएस: पुस्तकाएवढी मोठी काळी कॅसेट. लग्नाच्या बहुतेक कॅसेट्स याच. लेबलवर ‘ई-१८०’ लिहिलं असेल तर ती तीन तासांची.
- व्हीएचएस-सी: तशीच, पण तळहातावर मावणारी. ही एका खास खोक्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालते.
- व्हिडिओ ८, हाय ८, डिजिटल ८: ऑडिओ कॅसेटहून थोडी जाड. घरच्या हँडीकॅमच्या कॅसेट्स बहुधा याच. व्हीएचएसमध्ये घालता येईल असा अडॅप्टर यांच्यासाठी बनलेलाच नाही. कुणी विकत असेल तर तो व्हीएचएस-सीचा असतो. त्यात ही कॅसेट कोंबू नका. यांना त्याच जातीचा कॅमेरा लागतो.
- मिनी डीव्ही: काडेपेटीहून जरा मोठी, १९९५ नंतरची. हिच्यावरचं चित्रण मुळातच डिजिटल असतं. ते फायरवायर केबलने जसंच्या तसं संगणकात घेता येतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने घेतलं तर दर्जा विनाकारण घटतो. कोणत्या केबलने घेणार, हे दुकानदाराला जरूर विचारा.

परदेशातल्या भावा-बहिणीने पाठवलेल्या कॅसेट्स वेगळ्या ठेवा. अमेरिका-कॅनडात एनटीएससी ही पद्धत होती, आपल्याकडे पाल. दोन्हींचा आकार एकच असल्यामुळे अमेरिकेची कॅसेट आपल्या व्हीसीआरमध्ये जाते, पण चित्र वर-खाली पळतं किंवा रंग उडालेले दिसतात. ‘खराब झाली’ म्हणून अशा कितीतरी कॅसेट्स टाकून दिल्या गेल्या असतील. लेबलवर ‘टी-१२०’ दिसलं तर शंका घ्या आणि दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर असलेलं दुकान शोधा. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत राहणाऱ्या तुमच्या माणसांकडे तुम्ही पाठवलेल्या पाल कॅसेट्स असतील, तर तिथे त्यांची हीच अडचण उलट बाजूने असते. एकदा फाइल झाली की हा प्रश्न संपतो.

‘आमची तर सीडी केलेली आहे’

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. २००० च्या आसपास अनेकांनी लग्नाच्या कॅसेटची व्हीसीडी करून घेतली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. पाल कॅसेट नीट उतरवली तर ७२० बाय ५७६ मिळतं. म्हणजे व्हीसीडीत चित्राचा साधारण चौथा हिस्साच आला आणि तोही दाबून बसवलेला. चेहरे चौकोनी ठिकऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. कॅसेट अजून घरात असेल तर ती नव्याने उतरवून घ्या. कॅसेट गेलीच असेल तर ती सीडी किंवा डीव्हीडी आजच संगणकात कॉपी करा, कारण घरी लिहिलेल्या चकत्याही कायम टिकत नाहीत. सीडीतल्या ‘डॅट’ नावाच्या फाइल्स व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चालतात.

कोणती कॅसेट आधी

दहा कॅसेट्स असतील तर सगळ्यांवर एकदम खर्च करायची गरज नाही. पण क्रम लावताना बहुतेक घरं लग्नाच्या कॅसेटने सुरुवात करतात, आणि माझ्या मते तिथेच क्रम चुकतो.

त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसून त्यावर चित्रपटातली गाणी टाकलेली असत. मंगलाष्टकं म्हणणारी आत्या दिसते, ऐकू येत नाही. त्याउलट घरच्या हँडीकॅमवर काढलेल्या, हललेल्या, अंधाऱ्या चित्रणात आजोबांचं बोलणं, आजीने नातवाला मारलेली हाक, गावच्या घरातला रहाटाचा आवाज हे सगळं शाबूत असतं. फोटो बहुतेकांचे असतात. आवाज फार थोड्यांचे उरतात. म्हणून क्रम असा लावा:

1. जी माणसं आज नाहीत त्यांचा आवाज ज्यात आहे त्या कॅसेट्स, मग चित्रण कितीही साधं असो.
2. ज्यांवर बुरशी दिसते किंवा ज्या ओल्या झाल्या आहेत. यांना घरी चालवू नका.
3. ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.
4. लग्न-मुंजीच्या मिक्सिंग केलेल्या कॅसेट्स.

लग्नाच्या कॅसेटची प्रत बहुधा दोन्हीकडच्या घरी असते. सासर आणि माहेर दोन्हीकडची मागवून पाहा. जी कमी वेळा लावली गेली तिचं चित्र जास्त स्वच्छ असतं. ज्या स्टुडिओने शूटिंग केलं तो अजून चालू असेल तर मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेट आहे का, हेही विचारा. मिळण्याची शक्यता कमी, पण मिळाली तर खरा आवाज परत मिळतो.

हात लावण्यापूर्वी

- व्हीएचएसच्या मागच्या कडेला डावीकडे प्लॅस्टिकची छोटी जीभ असते. ती मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. लहान कॅसेट्सना सरकवायची खिट्टी असते.
- माळ्यावरून काढलेली कॅसेट लगेच लावू नका. खोलीच्या हवेत एक दिवस राहू द्या.
- जुना व्हीसीआर बऱ्याच वर्षांनी सुरू करत असाल तर आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट, जुन्या सिनेमाची वगैरे, घालून पाहा. पट्टी चघळणारं यंत्र असेल तर बळी तिचा जाऊ दे.
- पहिल्यांदा चालवण्यापूर्वी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी घट्ट बसलेली पट्टी मोकळी होते. फिरवताना ती अडखळत असेल, करकरत असेल तर तिथेच थांबा.
- व्हीसीआरच्या हेडवर कापसाचे बोळे किंवा कोरी नोट फिरवायची पद्धत होती. ती सोडा. कापसाचे धागे अडकतात आणि नाजूक हेड तुटतं.
- बुरशीची कॅसेट यंत्रात घातली तर बुरशी हेडवर जाते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळी ठेवा आणि पिशवीवर तसं लिहा. साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या.

पट्टी तुटली म्हणून घाबरू नका. व्हीएचएसचं कवच पाच स्क्रूंवर उघडतं. तुटलेली टोकं खास चिकटपट्टीने जोडता येतात, दुसऱ्या कवचातही बसवता येतात. एक-दोन सेकंदांचं चित्रण जातं, बाकीचं वाचतं. साधी सेलोटेप मात्र लावू नका. तिचा गोंद हेडला चिकटतो.

घरी करायचं असेल तर

तुमच्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर किंवा व्हीसीपी असेल, कॅसेट्स पुष्कळ असतील आणि घरात कुणाला संगणकाची आवड असेल, तरच घरी करा. दोन-तीन कॅसेट्ससाठी जुनं यंत्र विकत घेणं परवडत नाही.

लागतं ते एवढंच: व्हीसीआर, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची केबल, यूएसबीला लागणारा व्हिडिओ कॅप्चरचा डबा, संगणक आणि रिकामी हार्ड डिस्क. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. सगळ्यात स्वस्त कॅप्चर डबा घेण्याचा मोह टाळा. चित्र अडखळणं आणि आवाज ओठांच्या मागे पडणं या तक्रारी बहुतेक वेळा तिथून येतात.

उतरवण्याचं काम कॅसेटच्या गतीनेच होतं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, त्याला जवळची वाट नाही. त्यामुळे बसण्याआधी हे पाहून घ्या:

- सॉफ्टवेअरमध्ये पद्धत ‘पाल’ आणि सेकंदाला २५ चित्रं अशी निवडा. चुकून एनटीएससी राहिलं तर चित्र काळंपांढरं दिसेल.
- चित्राचा आकार ४:३ ठेवा. टीव्ही भरून दिसावं म्हणून ताणलं तर सगळे पाहुणे जाड दिसतात.
- आधी पाच मिनिटं उतरवा, ती चालवून पाहा. आवाज दोन्ही बाजूंनी येतो का, ओठांशी जुळतो का, हे कान लावून तपासा. मगच पूर्ण कॅसेट लावा.
- चित्रावर पट्टे येत असतील तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग थोडं थोडं फिरवा. अगदी खालच्या कडेला थरथरणारी बारीक रेघ असते, ती दोष नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती लपत असे.
- संगणकाचं आपोआप झोपणं बंद करा. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण वीज गेली की व्हीसीआर थांबेल. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्यावर ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं: कॅसेट शेवटपर्यंत चालू द्या. लग्न दीड तासात संपतं, पडद्यावर मुंग्या येतात आणि माणूस थांबवतो. पण तेव्हा कॅसेट महाग होती. उरलेल्या जागेत कुणाचं बारसं, कुणाचा पहिला वाढदिवस काढलेला असतो. टीव्हीवरच्या क्रिकेटच्या सामन्यांच्या मधोमध घरची पाच मिनिटं सापडतात.

दुकानात द्यायचं असेल तर

जुन्या फोटो स्टुडिओंपैकी काही जण हे काम करतात, काही फक्त कॅसेट गोळा करून दुसऱ्या शहरात पाठवतात. दरात बराच फरक असतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा. पण केवळ दरावर ठरवू नका. पुढची उत्तरं मिळाल्याशिवाय कॅसेट हातातून सोडू नका.

- काम इथेच होतं की बाहेर जातं? बाहेर जात असेल तर कुठे आणि कशाने?
- दर कॅसेटमागे की तासामागे? मधली रिकामी जागा धरली जाते का?
- कॅसेट शेवटपर्यंत चालवली जाईल का?
- फाइल कोणत्या स्वरूपात मिळेल? ‘एमपी ४’ हवीच. फक्त डीव्हीडी देत असतील तर दुसरं दुकान पाहा. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घालायची जागाच नसते.
- चित्रावर दुकानाचं नाव किंवा बोधचिन्ह टाकलं जाणार नाही ना?
- दुकानाच्या संगणकावरची प्रत केव्हा पुसली जाईल?

‘फुल एचडीत करून देतो’ किंवा ‘एआयने चेहरे स्पष्ट करतो’ असं सांगून जादा पैसे मागितले जातात. व्हीएचएसवर मुळात जेवढा तपशील आहे तेवढाच निघतो. चित्र मोठं केल्याने त्यात भर पडत नाही. एआय चेहरा ‘स्पष्ट’ करतं म्हणजे नसलेला तपशील अंदाजाने भरतं. तुमच्या आजोबांचा चेहरा थोडा दुसऱ्याच माणसाचा होतो. करायचंच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा, न बदललेली फाइल आधी ताब्यात घ्या.

सगळ्या कॅसेट्स एकदम देऊ नका. कमी महत्त्वाची एक द्या, काम पाहा, मग बाकीच्या द्या. प्रत्येक कॅसेटवर पेनने क्रमांक घाला, सगळ्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि पावतीवर कॅसेटची संख्या, क्रमांक, वर्णन आणि परत देण्याची तारीख लिहून घ्या. ‘लग्नाची कॅसेट, नग १’ एवढं लिहिलेली पावती वाद झाला तर उपयोगी पडत नाही.

किती जागा, किती प्रती

चांगल्या दर्जाच्या एमपी ४ फाइलला तासाला साधारण अडीच ते तीन जीबी लागतात. मिनी डीव्हीची मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी होते. तीन तासांच्या दहा कॅसेट्स एमपी ४ मध्ये १०० जीबीच्या आत बसतात. एक टीबीची हार्ड डिस्क बहुतेक कुटुंबांना पुरून उरते.

तीन प्रती ठेवा: एक घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर दुसऱ्या घरी (पुण्यातली नागपूरला, नागपूरची पुण्याला), तिसरी क्लाउडवर. पेन ड्राइव्ह पोहोचवण्यासाठी चांगला, साठवण्यासाठी नाही. पाठवताना लक्षात असू द्या की जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही.

गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यातच ईमेलही मोजलं जातं, त्यामुळे ते लवकर भरतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून त्यातलं सगळं पुसू शकतं. वडिलांच्या नावावर खातं असेल तर ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ या सोयीत तुमचं नाव घालून घ्या. नाहीतर त्यांच्यामागे आतलं मिळवणं फार अवघड जाईल. आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, प्रत्येक डिस्क जोडून दोन-चार फाइल्स प्रत्यक्ष चालवून पाहा.

फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग आणि गाव असं द्या: ‘१९९१-०५-१९ लग्न सांगली’. असं केलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते. तारीख आठवत नसेल तर लग्नपत्रिका शोधा.

माणसांची नावं लिहून घ्या, आणि हे सगळ्यात आधी

फाइल तयार झाली म्हणजे काम झालं असं समजून बहुतेक जण इथे थांबतात. मला वाटतं, निम्मं काम इथून सुरू होतं. पंगतीत आग्रह करणारे ते उंच गृहस्थ कोण? रुखवताशेजारी उभी असलेली, कुठल्याच फोटोत नसलेली ती बाई कोण? हे सांगू शकणारी घरात एखाद-दोनच माणसं उरलेली असतात आणि ती ऐंशीच्या घरात असतात.

त्यांना फाइल पाठवून ‘बघा आणि सांगा’ म्हणू नका. शेजारी बसा. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावा, आवाज कमी करा आणि तुमच्या मोबाइलचं ध्वनिमुद्रण चालू ठेवून समोर ठेवा. ती बोलतील तसं बोलू द्या, मधेच तारखा विचारून अडवू नका. ‘ही आपली वाईची माई, हिच्याच हातचे लाडू होते’ अशी माहिती कुठल्याही प्रश्नावलीतून येत नाही. अर्ध्या तासाहून जास्त एका वेळी करू नका. म्हातारी माणसं दमतात आणि गेलेली माणसं पडद्यावर चालताबोलताना पाहून गलबलून जातात. पुढच्या वेळेसाठी ठेवा.

नंतर ते ध्वनिमुद्रण ऐकून वहीत मिनिटवार नोंद करा: ‘१२ मिनिटे १० सेकंद: निळा शालू, मोठी मामी’. नाव आणि नातं दोन्ही लिहा. ‘मामी’ कुणाची, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. आहेराची वही घरात जपलेली असेल तर ती काढाच. लग्नाला कोण कोण आलं होतं त्याची गावासकट यादी तिच्यात आयती मिळते आणि विसरलेलं नाव वाचताच आठवतं. नोंदींचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

नातेवाइकांना पाठवताना

तीन तासांची फाइल कुणीही पाहत नाही. पूर्ण फाइल जपण्यासाठी. वाटण्यासाठी दोन-तीन मिनिटांचे तुकडे काढा आणि ज्यात जो आहे त्याला तो तुकडा पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जाऊन दर्जा घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल तशीच जाते. पूर्ण चित्रण द्यायचं तर क्लाउडवरच्या फोल्डरची लिंक ठरावीक लोकांपुरती ठेवा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलेला व्हिडिओ लिंक मिळालेला कुणीही पाहू शकतो, हे ध्यानात असू द्या. ‘प्रायव्हेट’मध्ये तुम्ही बोलावलेलेच पाहतात.

पाठवण्याआधी स्वतः पूर्ण पाहा आणि हे वेगळं काढा:

- लहान मुलांच्या अंघोळीचं किंवा उघड्या अंगाचं चित्रण. त्या वेळी ते कौतुकाने काढलं होतं. आज ते मूल तिशीत आहे. त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका.
- पुढे मोडलेल्या लग्नाची कॅसेट. कौटुंबिक ग्रुपवर टाकण्याआधी संबंधित व्यक्तीशी खासगीत बोला. तिने नको म्हटलं तर विषय तिथेच संपवा.
- दागिने, कपाटं, घराची आतली रचना दाखवणारे भाग सार्वजनिक ठिकाणी नकोत.
- नुकतंच ज्यांच्या घरी कुणी गेलं आहे, त्यांना त्या माणसाचा व्हिडिओ न विचारता पाठवू नका. फोन करा, ‘पाठवू का?’ म्हणा.

तुमचे हक्क

*शूटिंग कुणाचं?* १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, तुम्ही पैसे देऊन तुमच्यासाठी चित्रण करून घेतलं असेल आणि उलट काही करार नसेल, तर त्या चित्रणाचे पहिले हक्कदार तुम्ही आहात. म्हणजे आपल्याच लग्नाची कॅसेट उतरवून घ्यायला स्टुडिओची परवानगी लागत नाही. जुनी पावती सापडली तर तिच्यावर काही वेगळी अट आहे का, तेवढं पाहा.

*मागची गाणी?* त्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे आहेत. लग्नसमारंभात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, पण त्याच आधाराने गाण्यासकट व्हिडिओ इंटरनेटवर टाकता येईल असं धरून चालू नका. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. व्हिडिओ अडवला जाऊ शकतो किंवा त्यावर जाहिराती लागू शकतात. घरच्या घरी फाइल पाहण्यात अडचण नाही.

*कॅसेट हरवली किंवा खराब केली तर?* पैसे देऊन घेतलेली ही सेवा आहे, त्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. आधी दुकानदाराला लेखी कळवा, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही न सुटल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावणंही बंधनकारक नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘आम्ही जबाबदार नाही’ छापलेलं असलं, तरी तेवढ्यावर तुमचा तक्रारीचा मार्ग बंद होत नाही.

उतरवल्यानंतर मूळ कॅसेट्सचं काय

लगेच टाकू नका. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, तीन प्रती झाल्या, तरच तो विचार करा. आणि जागा असेल तर तेव्हाही ठेवाच. कॅसेट पूर्ण मागे फिरवून, डब्यात, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि पावसाळ्याआधी बदला. माळा नको, तिथे उन्हाळ्यात फार तापतं.

घरात चालू व्हीसीआर किंवा हँडीकॅम असेल तर तो भंगारात देण्याआधी कुटुंबाच्या ग्रुपवर एकदा विचारा. कुणाच्या तरी घरी त्याच जातीची कॅसेट यंत्राअभावी पडून असण्याची शक्यता मोठी आहे. आणि हँडीकॅम देताना त्याचा चार्जर आणि केबलही सोबत द्या, नाहीतर घेणाऱ्याला तो सुरूच करता येत नाही.